तीन मिलिमीटर

खारीवाड्याच्या जेटीवरून ती बोट दिसते,
राखाडी, नाकावर पांढरा आकडा,
दोन वर्षं तिथंच, गोदीच्या भिंतीला टेकून.
माझा दीर ट्रॉलरमध्ये डिझेल भरता भरता विचारतो,
"वहिनी, तुमची अजून हलली नाही?"

तुमची म्हणतो तो.
जणू मीच तिला पाळण्यात घालून विसरलेय.

मी खरेदी विभागात. दुसरा मजला.
बंदरावरची कोळशाची धूळ खिडकीतून येते,
ती रोज सकाळी फायलींवरून ओल्या फडक्यानं पुसते.
फाईल सत्तेचाळीस: जलरोधक दरवाज्यांची रबरी पट्टी, नग छत्तीस.
तोफ आली. रडार आलं.
इंजिनं आली सातासमुद्रापलीकडून,
पेंढ्यात निजवलेल्या मानकुरादासारखी.
पट्टी तेवढी आली नाही.

म्हणजे, आली एकदा.
सर्वांत कमी दराची, नियमाप्रमाणे.
जाडी तीन मिलिमीटर कमी.
तपासनीस सांतान रिबेलोंनी दार लावलं,
फटीत दहाची कोरी नोट धरली,
ती अलगद पलीकडे गेली.
"पाण्याला नोटेपेक्षा कमी जागा लागते, बाई."
आणि 'नामंजूर'खाली सही.

मग पत्र. पत्राला उत्तर. उत्तरावर खुलासा.
फेरनिविदा, एकच देकार आला म्हणून रद्द.
रबराचा भाव चढला, तीन साहेब बदलले,
प्रत्येकानं पहिल्या पानापासून वाचलं,
आणि शेवटच्या पानावर लिहिलं: 'चर्चा करावी.'

एका दुपारी थापलियाल नावाचा पोरगा आला, जुन्या बोटीवरचा.
नव्या बोटीचं काम ती जुनीच करते अजून.
त्याच्या बुटांचे खारे ठसे फरशीवर.
पट्टीबद्दल चकार शब्द नाही.
मागणीपत्र पुढे केलं: बादल्या, नग चार.
तासाभरात मंजूर केलं मी.
बादल्या माझ्या अधिकारात बसतात.

त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस, काजूचा डबा घेऊन.
"मॅडम, एक शेरा. 'नामंजूर'च्या जागी 'सवलतीनं मंजूर'.
पंधरवड्यात बोट पाण्यात. देशाचंच काम ना?"
डबा परत केला.
परत केल्याची पोचही घेतली. सवय.

रात्री झोप आली नाही.
खोटं नव्हता बोलत तो.
पंधरवड्यात बोट पाण्यात गेली असती.
पाणी बोटीत कधी गेलं असतं,
एवढंच सांगितलं नव्हतं त्यानं.
आणि तरीही, चार बादल्या
डोळ्यांसमोर रिकाम्या होत होत्या,
पुन्हा भरत होत्या.

बायण्याच्या बाजारात रुझारिन तोरे कापते,
खवल्यांचे हात माझ्या ओळखपत्राकडे करून विचारते,
"म्हजे पयशे खंय गेले गे, बाय?"
तिनं कधी विवरणपत्र भरलं नाही,
पण साबणात भरते, रिचार्जमध्ये भरते,
बाजारातल्या त्या निळ्या छत्रीत भरलेत.
मी मनात हिशेब मांडला,
तिच्या आयुष्यभराच्या करातून, फार तर, वीतभर रबर.
सांगितलंही तसं.
तिनं सुरी थांबवली.
"वीतच? मगीर ती तरी बरी लाय."

परवा नवा नमुना आला.
दर तिप्पट. त्यावर तीन प्रश्न वरून आलेत,
चौथा मीच घातलाय.
रिबेलो निवृत्त झाले, नवा तपासनीस रजेवर,
म्हणून दार मीच लावलं, दोन्ही हातांनी,
पर्समधली नोट फटीत सरकवली.
अडकली.
ओढून पाहिली. कोपरा तेवढा हातात आला.

उरलेली नोट अजून त्या दारात आहे.
ती कुठल्या खात्यात दाखवायची,
लेखा विभागाला विचारलंय.